अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन मोजायचं: आरआयएने की एलायझाने?

गायीच्या कासेच्या वाढीवर प्रबंध घेतला की हा प्रश्न येतोच. अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन निवडलंय ते चांगलं. 123 अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन कासेच्या पेशीच बनवतात आणि त्याच्याशिवाय लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तयार होत नाही. गाभण कालवडीच्या रक्तात ते वाढू लागलं, म्हणजे पेशी दुधाच्या तयारीला लागल्या.

आरआयए (रेडिओइम्युनोअसे) म्हणजे किरणोत्सारी लेबल लावलेलं प्रथिन आणि प्रतिपिंडं वापरून मोजणी; ही जुनी, भरवशाची पद्धत. रक्तातले नॅनोग्रॅम ती नीट पकडते. अडचण लेबलसाठीच्या किरणोत्सारी आयोडीन-125 ची. त्याचं अर्धायुष्य जेमतेम 60 दिवस आणि गाय गाभण असते सुमारे 280 दिवस. लेबल लावलेलं प्रथिन पुन्हा पुन्हा बनवा, नाहीतर नमुने गोठवून सगळे एकदम चालवा. शिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, गॅमा काउंटर, किरणोत्सारी कचरा. हे सगळं विभागात आधीपासून असेल तरच या वाटेला जा.

नसेल तर एलायझा, म्हणजे प्रतिपिंडं आणि रंग वापरून मोजणी; माझं मत सरळ आहे. 96 खळग्यांची प्लेट, रंग वाचणारं यंत्र, काम एका दिवसात. फक्त गायीचं किट म्हशीला वापरणार असाल तर म्हशीचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) टप्प्याटप्प्याने पातळ करून त्याची रेषा स्टँडर्डच्या, म्हणजे माहीत प्रमाणाच्या प्रथिनाच्या, रेषेला समांतर जाते का, ते आधी बघा.

पद्धतीपेक्षा नमुन्यानेच जास्त घात होतो. गायीच्या दुधात हे प्रथिन लिटरला ग्रॅमभर, थोडं जास्तच. म्हणजे एक मायक्रोलिटर दूध मिलिलिटरभर सीरममध्ये पडलं तर हजारावर नॅनोग्रॅमची भर! आमच्या एका प्लेटवर एकाच गायीचा आकडा असा आभाळाला भिडला होता. रक्त घेणाऱ्याने आधी सड पिळून पाहिले होते, हात न धुता. तेव्हापासून रक्त मानेच्या शिरेतून आणि दुधाला हात लावायच्या आधी. कासदाह झालेली गायही वगळा, तिच्या कासेतून प्रथिन रक्तात झिरपतं.

आणि गाभण नसलेल्या लहान कालवडीत कास किती वाढली हे बघायचं असेल, तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा. हे प्रथिन पेशींची तयारी सांगतं, संख्या नाही. संख्येसाठी कासेच्या ऊतीतला डीएनए मोजा.