आठ लेखकांचे एक बदनाम शहर

इंदूरच्या खजुरी बाजारात, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांच्या थप्पीखाली, ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ या १९७९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कथासंग्रहाची एक पिवळी पडलेली प्रत मला साठ रुपयांत मिळाली. खळ सुकल्यामुळे वाचता वाचता दोन पाने सुटून हातात आली, तरी पुस्तक पुरे होते आणि त्यातच त्याची किंमत वसूल झाली. रॉबर्ट लिन अ‍ॅस्प्रिन यांनी संपादित केलेल्या या संग्रहात आठ लेखकांच्या आठ फँटसी कथा आहेत आणि त्या सगळ्या सँक्चुअरी या एकाच काल्पनिक शहरात घडतात. एकाने उभे केलेले पात्र दुसऱ्याच्या कथेत रस्ता ओलांडताना दिसावे, तिसऱ्याच्या कथेत त्याच्याविषयी कुजबुज ऐकू यावी, अशी ही सामायिक विश्वाची कल्पना आहे. पुढे या प्रकारचे बरेच संग्रह निघाले. परंतु या प्रकाराचे बळ आणि त्याची खोट ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर हे पहिले पुस्तक आजही उपयोगी पडते.

पुस्तकाच्या शेवटी अ‍ॅस्प्रिन यांनी ही योजना कशी जमली ते एका लेखात खुसखुशीतपणे सांगितले आहे. प्रत्येक लेखकाने आपल्या मुख्य पात्राचे थोडक्यात वर्णन पाठवायचे, ते सर्वांना वाटले जाणार, आणि कोणीही कोणाचेही पात्र वापरावे. मात्र दुसऱ्याच्या पात्राला ठार मारायचे नाही आणि डोळ्यांत भरेल इतके सुधारायचेही नाही, असा त्यांचा नियम होता. यातला दुसरा अर्धा भाग विनोदी वाटतो, पण तोच अधिक शहाणपणाचा आहे. मेलेले पात्र जादूच्या जगात परत आणता येते. सज्जन होऊन बसलेल्या चोराचे काय करायचे?

सँक्चुअरी म्हणजे आश्रयस्थान, आणि त्या नावाला न शोभणारे सर्व काही या शहरात आहे. रँकन साम्राज्याच्या पार टोकाला असलेल्या या शहरावर सम्राटाने आपल्या तरुण सावत्र भावाला, म्हणजे राजपुत्र कडाकिथिस याला, कारभारी म्हणून पाठवले आहे. त्यात शहराच्या भल्यापेक्षा भावाला राजधानीतल्या कारस्थानांपासून दूर ठेवण्याचा हेतू मोठा आहे. होळकरशाहीच्या आठवणींवर वाढलेल्या इंदूरच्या मराठी वाचकाला हे राजकारण समजायला नकाशा लागत नाही. ‘मेझ’ नावाचा बोळांचा गुंता, ‘व्हल्गर युनिकॉर्न’ हा गुत्ता आणि लाल कंदिलांचा रस्ता ही ठिकाणे कथेमागून कथेत येत राहतात, आणि तिसऱ्या कथेपर्यंत आपण त्या गुत्त्यात कोणत्या कोपऱ्यात बसू नये हे ठरवू लागतो.

उसन्या पात्रांचा प्रश्न सर्वांत चतुराईने सुटला आहे तो एनास यॉर्ल या जादूगाराच्या बाबतीत. जॉन ब्रनर यांनी पहिल्याच कथेत आणलेल्या या जादूगाराला एक शाप आहे: त्याचे रूप सतत आणि त्याच्या इच्छेविरुद्ध बदलत राहते. पोल अँडरसन यांच्या कथेतला भाट कॅपन व्हारा त्याच्याकडे मदत मागायला जातो तेव्हा आपण त्याला निराळ्या देहात भेटतो, आणि तरी ओळखतो. ज्याला ठरलेला चेहराच नाही त्याचा चेहरा दुसरा लेखक चुकवणार तरी कसा? सामायिक लेखनाची अडचणच पात्राचे दुःख बनवणारी ही युक्ती मला अख्ख्या संग्रहात सर्वांत अधिक आवडली.

इतर पात्रांना असे संरक्षण नाही. एकाच माणसाची बोलण्याची ढब एका कथेत एक आणि दुसरीत दुसरी आहे, शहरात खरी सत्ता कोणाची याबद्दलही कथांचे एकमत नाही. संपादकाने आरंभीच सांगून टाकले आहे की या विसंगती नव्हेत. प्रत्येक कथा वेगळ्या नजरेतून सांगितलेली आहे. ही पळवाट आहे हे उघड आहे, परंतु मला ती पटली, आणि त्याचे कारण घरचे आहे. १९२५ साली मुंबईच्या मलबार हिलवर, इंदूर दरबारातून निघून गेलेल्या मुमताज बेगम या नर्तकीला आश्रय देणारे व्यापारी बावला यांचा खून झाला आणि त्या प्रकरणापायी १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांना गादी सोडावी लागली. माझ्या लहानपणी आमच्या आजीच्या सांगण्यात महाराज निर्दोष असत, समोरच्या वाड्यातल्या अण्णांच्या सांगण्यात सगळा दोष इंग्रजांचा असे, आणि तिसऱ्या घरी विषय निघताच आम्हा मुलांना अंगणात पिटाळत. तिन्ही घरांत इंदूर एकच होते. सँक्चुअरी खरी वाटते ती अशाच रीतीने, आणि कथाकथनावर पोट भरणारा हकीम नावाचा म्हातारा या पुस्तकाच्या तोंडाशी बसवण्यात संपादकाची जाण दिसते.

कथांचा क्रम लावण्यातही ती दिसते. क्रिस्टीन डीवीस यांच्या ‘मर्टिस’ या कथेत कुंटणखाना चालवणाऱ्या नायिकेची राजपुत्राच्या रक्षकांशी गाठ पडते, तेव्हा कपाळावर निळा तारा असलेले लिथँडे हे पात्र तिच्या मदतीला येते. लगेच पुढची आणि शेवटची कथा, मॅरियन झिमर ब्रॅडली यांची, याच पात्राची आहे. हे पात्र निळ्या ताऱ्याच्या पंथातले आहे आणि त्या पंथातल्या प्रत्येक जादूगाराची शक्ती एका गुपितावर टिकलेली असते आणि ते फुटले की शक्ती संपते. दुसऱ्याच्या हातून आधी ओळख झालेले पात्र आपल्या निर्मातीकडे परतते तेव्हा मागच्या कथेतल्या साध्या प्रसंगांना वेगळाच अर्थ येतो. मी वरच्या वाक्यांत ‘पात्र’ हा नपुंसकलिंगी शब्द धरून बसलो आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. मराठीत या कथेचे भाषांतर करणाऱ्याला क्रियापदे फार जपून लावावी लागतील, याहून अधिक सांगणे बरे नव्हे.

माझ्या मते ज्या कथांतील माणसांना शहरात काही कामधंदा आहे त्या कथा टिकल्या आहेत. ब्रनर यांची जार्वीना ही लेखनिकाच्या पेढीवर काम करते, आणि तिच्यापुढे आलेला मंतरलेला दस्तऐवज हा तिच्या धंद्यातूनच कथेत येतो. लिन अ‍ॅबी यांची इलिरा पत्ते मांडून भविष्य सांगते, तिचा नवरा डुब्रो लोहार आहे, आणि नव्या देवळाच्या पायाशी बळी देण्याचा विषय त्यांच्या बाजारातल्या पालापर्यंत येऊन पोहोचतो. पाया बळी मागतो ही समजूत आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दंतकथांतही असल्याने ही कथा वाचताना अंगावर काटा येतो. याउलट अँडरसन यांची कथा, सफाईने लिहिलेली असूनही, ऐन रंगात येते ती एका जादूच्या दारापलीकडच्या दुसऱ्याच जगात. सँक्चुअरी तिच्यासाठी केवळ उंबरठा आहे. अँड्र्यू ऑफट यांचा हान्स हा चोर राजवाड्यात शिरतो तो भाग चटकदार आहे, बाकी कथेला तितका दम नाही.

दोष आणखीही आहेत. स्त्रियांच्या वाट्याला वेश्यागृह, गुलामी किंवा पूर्वायुष्यातला अत्याचार इतकेच पुन्हा पुन्हा येते, आणि आठांपैकी तीन कथा स्त्रियांनी लिहिलेल्या असूनही इलिरा वगळता याला फारसा अपवाद नाही. शिवाय पात्रे उसनी घेण्याची एवढी मुभा असून पहिल्या खंडात लेखक ती बिचकतच वापरतात. पाहुण्याच्या घरातल्या काचेच्या भांड्याला हात लावावा तसे.

पुढे ही भीड चेपली आणि नको तितकी चेपली. १९८९ पर्यंत या मालिकेचे बारा खंड झाले. १९८० च्या दुसऱ्या खंडात पात्रांची देवाणघेवाण खऱ्या अर्थाने रंगते, परंतु त्याच खंडात जॅनेट मॉरिस यांचा टेंपस हा जवळजवळ अमर योद्धाही शहरात येतो, आणि त्याच्यामागून देव, सैन्ये आणि उठलेली प्रेते यांची इतकी गर्दी होते की भुरट्या चोराला उभे राहायला जागा उरत नाही. नंतरच्या कथा मागच्या चार कथा आठवल्याशिवाय कळतही नाहीत. म्हणून विकत घ्यायचे तर पहिले दोन खंड घ्यावेत. आणि पहिला हाती आला तर ‘मर्टिस’ आणि तिच्यानंतरची कथा एकाच बैठकीत वाचाव्यात, मध्ये दिवस जाऊ देऊ नये.