तालुका निवडला की त्याचीच गावं दिसावीत: गूगल फॉर्म, कोबो की जॉटफॉर्म?

पुणे जिल्ह्याच्या सर्वेक्षणात ‘गाव’ हा प्रश्न मोकळा सोडला की कोणी नुसतंच ‘वडगाव’ लिहितं. कोणतं? मावळातलं, सिंहगड रोडचं वडगाव बुद्रुक, की बारामतीकडचं वडगाव निंबाळकर? म्हणून आधी तालुका, मग त्याच तालुक्यातली गावं, असे जोडलेले ड्रॉपडाऊन लागतात.

गूगल फॉर्म्समध्ये ही सोय मुळात नाही. उत्तर बघून पुढच्या सेक्शनला पाठवता येतं, तेवढंच. म्हणजे हवेलीचा एक सेक्शन, मुळशीचा दुसरा, प्रत्येकात गावांची वेगळी यादी. गावं एकेक टाइप करत बसू नका. शीटमधला रकाना कॉपी करून पहिल्या पर्यायात पेस्ट केला की ओळीगणिक पर्याय तयार होतात. प्रत्येक सेक्शननंतर कुठे जायचं, ते मात्र हातानेच ठरवावं लागतं. ते राहिलं की हवेलीवाल्यासमोर लगेच मुळशीची गावं येतात. शिवाय उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येक तालुक्याच्या गावांचा रकाना वेगळा पडतो. एका ओळीत त्यातला एकच भरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या टॅबवर & हे चिन्ह वापरून ते जोडता येतात. तीन-चार तालुक्यांना हे चालून जातं. जिल्ह्यातले 14 तालुके आणि खाली वाड्यावस्त्याही हव्या असतील, तर या वाटेला जाऊ नये.

कोबोटूलबॉक्स (कोबो) हे सर्वेक्षणाचं साधन याच कामासाठी बरं. फॉर्म एक्सेलमध्ये लिहायचा: एका शीटवर प्रश्न, दुसरीवर पर्याय. पर्यायांच्या शीटवर तालुक्याचा जादा रकाना घालून प्रत्येक गावापुढे तालुक्याचा कोड लिहायचा. मग गावाच्या प्रश्नापुढे, चॉइस फिल्टरच्या रकान्यात, ‘हा कोड आणि वर निवडलेला तालुका एकच हवा’ अशी अट घालायची. तिसरी पातळी हवी असेल तर आणखी एक प्रश्न आणि आणखी एक रकाना. सगळ्या तालुक्यांची गावं उत्तरांत एकाच रकान्यात येतात. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं? लेबल बदला, कोड तोच ठेवा. मोबाइल ॲपमध्ये फॉर्म आधी उतरवून घेतला की रेंज नसतानाही भरता येतो. घाटमाथ्यावर फिरणाऱ्यांना एवढं कारण पुरेसं आहे. पहिला दिवस शिकण्यात जातो, हे खरं.

जॉटफॉर्म या ऑनलाइन फॉर्मच्या साधनात जोडलेल्या ड्रॉपडाऊनसाठी तयार विजेट, म्हणजे फॉर्ममध्ये टाकायचा आयता भाग, आहे. दिसायला सुबक, पण फुकटच्या योजनेत महिन्याला किती फॉर्म स्वीकारता येतात, त्यावर मर्यादा असते. सोसायटीपुरतं सर्वेक्षण असेल तर ठीक.

कोणतंही घ्या, लिंक पाठवण्याआधी गाव निवडून मागे जा, तालुका बदला आणि जुनं गाव तसंच राहतंय का ते पाहा.