शहापूरच्या बोळातलं वाचनालय आणि अर्नाळकरांची पुस्तकं

बेळगावात, शहापूरच्या खडेबाजारामागच्या एका बोळात, पिठाच्या गिरणीला लागून भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान आहे. बाहेर पाटी नाही. मालक काकांना विचारूनच हे लिहितेय. नाव घालू नकोस म्हणाले, म्हणून घालत नाही. गिरणी विचारलीत की कुणीही दाखवेल. गेली दोन वर्षं मी दर शनिवारी तिथं जाते आणि बहुतेक वेळा पिशवीत रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचं काहीतरी घेऊनच घरी येते.

मी साड्यांना फॉल-पिको करते. पण या पुस्तकांची ओळख माझ्या मशीनच्या फार आधीची, निपाणीतली.

आई विड्या वळायची. दुपारी आमच्या गल्लीतल्या सात-आठ बायका एका घराच्या सोप्यात बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवून मऊ केलेली पानं, शेजारी पत्रा आणि कात्री. मजुरी हजारावर मिळायची, हात थांबला की पैसा थांबला. त्यामुळं पुस्तक धरायला कुणाचाच हात मोकळा नसायचा. मी पाचवीत होते, वाचता यायचं, म्हणून भिंतीला टेकून मी मोठ्यानं वाचायचे. एरवी मी आईला विडीला दोरा गुंडाळून द्यायचे, ते काम वाचताना राहायचं. मग उठायच्या वेळी प्रत्येक बाई पंचवीस विड्यांचा एक कट्टा आईच्या सुपात टाकायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. ती माझी पहिली कमाई.

त्यातल्या चार-पाच जणी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पण अर्नाळकरांच्या गोष्टींतला गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू त्यांना शेजारच्या घरातल्या माणसांसारखे माहीत होते. झुंजार या दुसऱ्या नायकाच्या गोष्टीत त्याची बायको विजया एकटी कुठं निघाली की एक मावशी हातातलं पान तसंच धरून म्हणायची, "जाऊ नको गं बाई तिकडं." आणि काळा पहाड हा तिसरा नायक आला की सोप्यात कात्रीचा आवाजसुद्धा बंद व्हायचा.

ज्यांनी या बायकांना दुपारभर धरून ठेवलं, त्या अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, गेले १९९६ला. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकानं त्याची नोंद घेतली. लिहिण्याची चाळीस वर्षं धरली तरी वर्षाला पंचवीस, म्हणजे महिन्याला दोन पुस्तकं होतात. मी स्वतः दुकानात बसते. एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं आलं, त्यामधल्या वेळात सुईत दोरा ओवून होत नाही. त्या माणसानं डोळ्यांचे नंबर आणि चष्म्याच्या काड्या सांभाळत एवढं लिहिलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. एक हजार पुस्तकं म्हणजे पुस्तकं छापणारे, बांधणारे, एसटी स्टँडवर विकणारे, भाड्यानं देणारे असे किती जण त्यावर जेवले असतील!

आणि तरी ही पुस्तकं मागायला गेलं की माणसाला अपराधी वाटायला लावतात. आईसाठी मी आधी एका मोठ्या वाचनालयात विचारलं होतं. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "असलं आम्ही ठेवत नाही." 'असलं' हा शब्द मला अजून टोचतो. म्हणून काकांच्या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं. तिथं अर्नाळकर मागितले तेव्हा काकांनी उलट विचारलं, "कुठला देऊ? झुंजार, का धनंजय?"

तिथं पुस्तकं लेखकाच्या नावानं लावलेलीच नाहीत, नायकाच्या नावानं लावली आहेत. एक खण झुंजारचा, एक धनंजयचा, एक काळ्या पहाडाचा. पलीकडं सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, प्रत्येकाची वेगळी चळत. खाली गोव्याकडचे गुरुनाथ नाईक, त्यांचीही पुस्तकं हजाराच्या घरात. दाराजवळच्या कपाटात कन्नड पुस्तकं आहेत. एन. नरसिंहय्य यांचा पत्तेदार, म्हणजे गुप्तहेर, पुरुषोत्तम तिथं भेटतो. वडगावचे एक विणकर आजोबा तीच न्यायला येतात, आम्ही दोघं एकाच बाकड्यावर आपापली पुस्तकं चाळत बसतो. ते 'पत्तेदारी कादंबरी' म्हणतात, मी 'रहस्यकथा' म्हणते. कादंबरी हा शब्द दोन्हीकडं एकच. नरसिंहय्य फार शिकलेले नव्हते आणि तरी शेकड्यांनी पुस्तकं लिहिली, हे मला त्या आजोबांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा घरातल्या माणसाबद्दल बोलावा तसा फुलला होता.

पण या दुकानाचं खरं मोल मला काकांच्या हातात दिसलं. ही पुस्तकं मुळात टिकण्यासाठी केलेलीच नव्हती. कागद स्वस्तातला, आता चहाच्या रंगाचा झालाय आणि दुमडला की काडकन तुटतो. बाजूनं मारलेल्या तारेच्या पिना गंजून कागद खातात. काका आधी त्या पिना चिमट्यानं काढतात. मग फर्मे सुटे करतात. जुन्या पुस्तकात सोळा पानांचा एक फर्मा असतो आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा छापलेला असतो, तो लावून ते फर्मे पुन्हा क्रमानं जुळवतात. दाभणानं भोकं पाडून पांढऱ्या दोऱ्यानं शिवतात. दोऱ्याबाबत मी गप्प बसू शकत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच विचारलं, "काका, मेण लावताय का दोऱ्याला?" लावत होते. टाका एकसारखा, ताण कुठं कमी नाही की जास्त नाही. ओढून शिवलं असतं तर तो कागद टाक्यावरच फाटला असता. वर जाड पुठ्ठा चिकटवतात, मैद्याच्या खळीनं. खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. कपाटात वेखंडाचे तुकडे. बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला ही मेहनत कळेल.

अडचणीही सांगते. आत उजेड फार कमी, एकच बल्ब. पुस्तकांची यादी नाही, काकांच्या डोक्यात आहे तेवढीच. काका नसले तर त्यांचा मुलगा बसतो, त्याला काहीच सापडत नाही. खण नायकाच्या नावाचे असल्यामुळं ज्या गोष्टीत नेहमीचा नायक नाही, ती पुस्तकं कुठल्याही कोपऱ्यात पडलेली असतात. मुदत सात दिवस, वर एक दिवसही चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी झड लागली की काका पुस्तक बाहेर देतच नाहीत, कितीही विनवा. मला दोनदा रिकाम्या हातानं परत यावं लागलं. राग आला होता, तरी त्यांचं बरोबर होतं. अनामत ३०० रुपये, भाडं आठवड्याला पुस्तकामागं १० रुपये. देताना आणि घेताना पानं मोजतात. "मोजून घेऊन जा की. परत आणलीस की मीपण मोजणार," हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं.

पुस्तकांबद्दलही खरं ते लिहिते. सलग दहा वाचलीत तर वेषांतर, चोरवाट, ऐनवेळी आलेली मदत यांचा कंटाळा येईल. काळ्या पहाडाचा मूळ साचा इंग्रजी पुस्तकातला, आणि तो काही ठिकाणी जाणवतो. मला धनंजयच्या गोष्टी जास्त घट्ट वाटतात. पण मोठ्यानं वाचायला अर्नाळकरांसारखी भाषा नाही. वाक्य छोटं, संवाद भराभर, आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं की ऐकणारा उठूच शकत नाही. हे वाचून कळत नाही, वाचून दाखवल्यावर कळतं.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. निपाणीला भावाकडं असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षर दिसत नाही. रोज रात्री नऊला मी फोन लावते आणि दहा-बारा पानं वाचून दाखवते. मध्ये सुना-नातवंडांचा आवाज आला की आई त्यांना गप्प करते.

गेल्या महिन्यात काकांनी एक पुस्तक दिलं, तेही बिचकत. वरचं पान नाही, पहिला फर्माच नाही, पुस्तक सतराव्या पानापासून सुरू. नाव काय, कुणालाच माहीत नाही. झुंजारचं आहे एवढं नक्की. भाडं घेणार नाही म्हणाले. मी तसंच सतराव्या पानापासून वाचायला घेतलं. दीड पान झालं असेल, आई म्हणाली, "थांब. ह्याच्या आधीचं मला ठावं हाय." आणि तिनं सुरुवात सांगितली, सलग, मध्ये न अडखळता. शेवटी म्हणाली, "तूच वाचलं हुतंस की सोप्यात. तवा तुला ताप हुता." मला काहीच आठवत नव्हतं.

ते सगळं मी एका वहीच्या कागदावर लिहून शनिवारी काकांना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आईनं सांगितलेलं याच पुस्तकाचं आहे का दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचं, हे ताडून बघायला मार्ग नाही. तरी काकांनी तो कागद सोळा पानांच्या जागी पुढं शिवून टाकला आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'निपाणीच्या एका वाचक बाईंनी सांगितल्याप्रमाणे'.

कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत झुंजारची जुनी पुस्तकं असतील तर रद्दीत घालण्याआधी शहापूरला घेऊन या. विकायची नसतील तरी चालेल. काका तिथंच बसून पहिली सोळा पानं हातानं उतरवून घेतात आणि तुमचं पुस्तक तुम्हाला परत देतात, वर शिवूनही देतात. दुकान सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८. सोमवारी बंद.