हायपॉक्सियाची पेटी: १ टक्क्यावर समाधान मानू नका

प्रयोगशाळेत पेशींना हायपॉक्सियात, म्हणजे कमी प्राणवायूत, ठेवायची ही पेटी. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे दोन भाग, मध्ये रबरी रिंग, बाहेरून स्टीलचा क्लॅम्प, गॅससाठी दोन नळ्या. साधी पेटी, पण वीज लागत नाही; पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात दिवे जातात तेव्हा हे फार मोलाचं.

पेटीबद्दलचा ‘१ टक्का प्राणवायू राखते’ हा दावा खरा आहे. एचआयएफ, म्हणजे प्राणवायू कमी झाला की पेशीत साचणारं प्रथिन, त्याचा अभ्यास करायचा तर तेवढं पुरे. पेशींवर रेडिएशनचा परिणाम तपासायला मात्र अजिबात नाही. किरणांनी डीएनएवर तयार झालेल्या रॅडिकलला (अस्थिर, चटकन जोडल्या जाणाऱ्या जागेला) प्राणवायू चिकटला की इजा पक्की होते, आणि त्यासाठी प्राणवायू अगदी थोडा लागतो. अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पेशींची किरणांबद्दलची संवेदनशीलता शून्य प्राणवायू आणि उघडी हवा यांच्या मधोमध पोचते. १ टक्क्याला त्या बऱ्याच अंशी उघड्या हवेतल्यासारख्याच मरतात. कर्करोगाच्या गाठीतल्या, किरणांना दाद न देणाऱ्या हट्टी पेशींसारखं वागणं बघायचं तर ०.१ टक्क्याच्याही खूप खाली जावं लागतं.

तिथवर ही पेटी जाते, पण घाईने नाही. ९५ टक्के नायट्रोजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मिनिटाला २० लिटरने ५ मिनिटं सोडा. तासाभराने पुन्हा सोडा, कारण मीडियम (पेशींचं पोषक द्रव) आणि प्लास्टिकच्या डिशमध्ये मुरलेला प्राणवायू हळूहळू बाहेर येत राहतो. काचेच्या डिश वापरल्या तर हा त्रास बराच कमी. सोबत आलेली सिलिकॉनची नळी आधी बदला. तिच्यातून प्राणवायू सहज झिरपतो. जाड भिंतीची पीव्हीसी नळी, तीही आखूड, घ्या. किरणांचा डोस पेटी बंद असतानाच द्यायचा. डिश बाहेर काढून मशीनखाली नेली की काही मिनिटांत सगळं मुसळ केरात. झाकणाची जाडी डोसच्या हिशोबात धरायला विसरू नका.

प्राणवायू मोजणारा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो, ही मोठी उणीव. त्यातही खिडकी उघडून, बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के धरून तो लावू नका. जूनमधल्या ३० अंशांच्या चिंब हवेत वाफच ४ टक्के जागा अडवते, प्राणवायू असतो २०च्या आसपास. कोरड्या हवेच्या सिलिंडरवर कॅलिब्रेट करा.

खाऱ्या वाऱ्याने क्लॅम्पच्या स्क्रूला गंज धरतो आणि पकड एका बाजूने सैल पडते. डोळ्यांना दिसत नाही, डोसनंतर जगलेल्या पेशींच्या कॉलनी (वाढलेले पुंजके) मोजताना कळतं: फक्त १० टक्के पेशी जिवंत ठेवणारा डोस हवेतल्यापेक्षा अडीच-तीनपट न येता दीडपटच आला, तर आधी हाच स्क्रू तपासा.