कोअर आय७ १४७००के: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि गेम मध्येच बंद पडत असेल तर

आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक आणि ३६० मिमीचा लिक्विड कूलर, या जोडणीत इंटेलचा हा प्रोसेसर अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर हे लिहिलं आहे. ८ परफॉर्मन्स कोअर, १२ एफिशियन्सी कोअर, २८ थ्रेड. वेगाबद्दल तक्रारीला जागाच नाही. पण १३व्या आणि १४व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरबद्दल खरा प्रश्न वेगाचा नाही, स्थिरतेचा आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

इंटेलने २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य केलं, की या पिढ्यांमधले ६५ वॉट किंवा त्याहून जास्त क्षमतेचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे कोअरमधलं क्लॉकचं सर्किट झिजतं आणि चिपला स्थिर चालण्यासाठी आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागतं. त्यात अनेक मदरबोर्ड पॉवरची मर्यादा जवळपास काढूनच यायचे. ऑगस्ट २०२४च्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. नंतरच्या ०एक्स१२बी मध्ये कमी लोडवर होणारी जादा मागणीही आटोक्यात आली, आणि २०२५ मध्ये ०एक्स१२एफ आला. हा मायक्रोकोड बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटमधून मिळतो. तो पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. ही गोष्ट अनेकजण विसरतात आणि अपडेटनंतरही क्रॅश होतोय म्हणून विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

झिजलेल्या चिपची लक्षणं फसवी असतात. अनरिअल इंजिनचा गेम सुरू होताना शेडर (ग्राफिक्स रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तेव्हा सगळे कोअर एकदम राबतात आणि नेमका तिथेच गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ असा संदेश देऊन बंद पडतो. कार्ड १२ जीबीचं असलं तरी! चूक खरं तर डेटा उलगडताना प्रोसेसरकडून झालेली असते. दोष मात्र ग्राफिक्स कार्डाच्या माथी बसतो आणि लोक कार्ड बदलतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल होताना अधूनमधून अडकणं, सेव्हन-झिपमध्ये चांगली झिप फाइल उघडताना चूक दाखवणं, हीसुद्धा त्याच दुखण्याची चिन्हं आहेत.

खात्री करायला नवा भाग विकत घ्यावा लागत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि परफॉर्मन्स कोअर रेशो ५५ वरून ५३ करा, म्हणजे वेग ५.५ वरून ५.३ गिगाहर्ट्झवर येतो. तोच गेम त्याच जागी आता टिकला, तर एक्सएमपी पुन्हा चालू करून बघा. तरीही टिकला तर संशय प्रोसेसरवरच पक्का होतो. पण ५३ वर कायमचं भागवू नका, वॉरंटीत बदलून घ्या. बॉक्समध्ये आलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने ३ वरून ५ वर्षं केली आहे. ट्रे प्रकारचा (बॉक्सशिवाय सुटा विकलेला) किंवा तयार संगणकातला असेल तर विक्रेत्याकडेच जावं लागतं.

बायोस अपडेट करताना पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा आणि मध्ये वीज जाता कामा नये. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं. पहिल्या बूटला रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, चालतं, स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून बटण दाबू नका. अपडेटने एक्सएमपी आणि पंख्यांची सेटिंग पुसली जातात, ती परत लावा आणि ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. १४७००के साठी त्यात पॉवरची मर्यादा २५३ वॉट आणि करंटची ३०७ अँपिअर असते. माझ्या मशीनवर पॉवरची मर्यादा पुढे २०० वॉटवर आणली आहे. गेममध्ये फरक जाणवत नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी खोली तापलेली असतानाही प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेजवळ जात नाही. मायक्रोकोड खरंच बदलला का, हे एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसतं.

प्रत्येक क्रॅश प्रोसेसरचा नसतो, म्हणून आधी विंडोजमधला चुकांची नोंद दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद आणि बगचेक कोड ०, म्हणजे निळी स्क्रीन न येता मशीन झटक्यात बंद पडलं: वीजपुरवठा तपासा. कार्डाला दोन ८ पिन जोड लागत असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल लावा. १२ व्होल्टचा नवा १६ पिन प्लग पूर्ण आत बसला आहे का, हेही पाहा. आपल्याकडे आणखी एक गुन्हेगार असतो, तो म्हणजे ६०० व्हीएचा यूपीएस. तो साधारण ३६० वॉट देतो. असा प्रोसेसर आणि २२० वॉटचं कार्ड एकत्र ताणले की लाइट जाताच तो हात वर करतो. डिस्प्ले ४१०१ ही नोंद (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला) दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर स्वच्छ काढून पुन्हा टाका. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ किंवा १९ ही हार्डवेअरच्या चुकीची नोंद आली तर हार्डवेअरचाच संशय धरा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ या तपासणी प्रोग्रामचे चार पास रात्रभर चालवा. एकही चूक मान्य नाही. या प्रोसेसरला डीडीआर५-५६०० पर्यंतच अधिकृत मान्यता आहे, ६००० किंवा त्यापुढचं एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच. चार स्टिक लावल्या तर ५६०० चा वेगही मिळेल असं धरू नका.

नवा, बॉक्समधला घेऊन पहिल्याच दिवशी ताजा बायोस टाकणार असाल, तर मी हा प्रोसेसर बिनधास्त सुचवतो. सेकंडहँड घेताना मात्र बिल, बॉक्स आणि चिपवरचे एफपीओ व एटीपीओ (बॅच आणि सिरियल) क्रमांक पाहून इंटेलच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा, आणि कूलरची पेस्ट लावण्याआधी त्या क्रमांकांचा फोटो काढून ठेवा.