सेकंड लाइफ, आठ महिन्यांनंतर : तक्रार एकच, बुटांची

दिवाळीच्या सुटीत पुतण्याने मला सेकंड लाइफमध्ये खाते उघडून दिले, त्याला आता आठ महिने होत आले. लिंडन लॅब या कंपनीचे हे संगणकावरचे आभासी जग 2003 पासून चालू आहे, साधे खाते फुकट मिळते आणि येथे जिंकण्या-हरण्याचा डाव नसतो, हे वाचकांना ठाऊक असेल असे धरून मी थेट मुद्द्यावर येतो. तो मुद्दा बुटांचा आहे.

सुरुवातीला मिळणारा देह, म्हणजे तिथे आपल्या वतीने हिंडणारी आकृती, मला पुरेसा होता. फक्त पायातले बूट आवडले नाहीत. तिथल्या एका दुकानात तपकिरी चामड्याचे बूट 299 लिंडन डॉलरला, म्हणजे तिथल्या चलनात, दिसले. अमेरिकी डॉलरला साधारण अडीचशे लिंडन, म्हणजे बूट शंभरेक रुपयांचे; परंतु त्यासाठी कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करावे लागले आणि बँकेने आपला आकार वर लावला, तो मी वहीत वेगळा मांडला आहे. खरेदी झाल्यावर बूट पायात येतील अशी माझी समजूत होती. आली ती खोकी. ती ‘परिधान करा’ म्हटल्यावर उजव्या हाताला चिकटली, आणि दोन दिवस मी ती हातात घेऊनच लोकांशी बोलत हिंडलो. कोणी हसले असेल तर ते मला दिसले नाही. खोकी जमिनीवर ठेवून, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘रेझ’ करून उघडावी लागते, आणि दुकानाच्या जागेत तशी परवानगी नसते, हे तिसऱ्या दिवशी एका सँडबॉक्समध्ये कळले. तेथे कोणालाही वस्तू मांडता येतात. काही काळाने त्या आपोआप मालकाकडे परत जातात.

खोकी उघडली, बूट चढवले, आणि चामड्यातून बोटे बाहेर आली. मेश प्रकारचे, म्हणजे आधीच घडवलेल्या त्रिमितीय आकाराचे बूट ज्या देहासाठी घडवलेले असतात, त्याच देहाच्या पायाला बसतात. माप कमीजास्त करून काही साधत नाही. भुसावळच्या बाजारात पायात घालून चार पावले चालल्याशिवाय मी आजवर चप्पलसुद्धा घेतलेली नाही, त्यामुळे पैसे परत मागणारा एक लांबलचक संदेश मी दुकानदाराला पाठवला. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : परतावा नाही, डेमो (घालून पाहण्याचा नमुना) ठेवलेला आहे.

बुटांचा इथवरचा किस्सा मी जानेवारीत लिहिला होता आणि त्यात दुकानदाराला लबाड म्हटले होते. तो शब्द आज काढून टाकला आहे, कारण मध्यंतरी पुन्हा त्या दुकानात जाऊन पाहिले, तर बुटांच्या चित्राखालीच डेमोची पाटी होती आणि कोणकोणत्या देहांना बूट बसतात त्यांची नावेही होती. माझ्या देहाचे नाव त्यात नव्हते. म्हणजे घालून पाहण्याची सोय तिथेही होती. मीच तिच्याकडे पाहिले नव्हते. तरीही विकलेला माल खोकीत घालून ग्राहकाला जागा शोधायला लावण्याची रीत मला अजून पटलेली नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मे महिन्यात लॅपटॉपला हात लावणे कठीण झाले, तेव्हा दृश्य-अंतर, म्हणजे पडद्यावर किती लांबवरचे दिसावे ते, 128 मीटरवरून 64 वर आणले. पंख्याचा आवाज उतरला आणि चालताना बसणारे हिसकेही कमी झाले. नवख्याने कपड्यांच्या आधी हे करावे. तिथले अधिकृत घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे असते, त्यामुळे त्यांची संध्याकाळी सातची मैफल हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला असायची. मार्चमध्ये त्यांनी घड्याळे पुढे केली, मैफल साडेसातवर आली, आणि मी चहा संपवून पोहोचलो तेव्हा गायक निरोप घेत होता. आता नळाला पाणी यायच्या वेळेलाच गाणे सुरू होते, म्हणून एक कान मोरीकडे ठेवून ऐकतो. या मैफलींसाठीच मी खाते चालू ठेवले आहे. त्यांना पैसे लागत नाहीत, वाटल्यास गायकापुढच्या पेटीत चार लिंडन टाकावेत.

बूट अजून माझ्या इन्व्हेंटरीत, म्हणजे खात्यातल्या सामानाच्या साठ्यात, पडून आहेत. पुतण्याचा देह त्या यादीतला आहे, म्हणून त्याला देऊन टाकायला गेलो, तर वस्तूवर ‘हस्तांतर नाही’ असा शेरा निघाला.