रेसकार्ड वाचावं की पॅडॉकमध्ये घोडा बघावा?

पावसाळी हंगामात पुण्याच्या शर्यतींना निघालेल्या निपाणीच्या मामांचा प्रश्न: घोडा कागदावरून निवडायचा की डोळ्यांनी?

खर्च आणि वेळ बघता रेसकार्ड, म्हणजे घोड्यांच्या आधीच्या धावा आणि वजनं दिलेला छापील कागद, सरस. घरी बसून निवांत वाचता येतं. पॅडॉकसाठी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेसाठी, मैदानावर जावं लागतं आणि तिथं प्रत्येक घोड्याला जेमतेम काही क्षण मिळतात.

भरवशाचं म्हणाल तर कार्डातही नुसता मागचा नंबर बघू नका. १२०० मीटर जिंकलेला घोडा २००० मीटरला दमू शकतो. हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार पाठीवरचं वजन ठरतं अशा शर्यतीत, जिंकलं की रेटिंग (कुवतीचा आकडा) वाढतं, पुढच्या वेळी पाठीवर वजन जास्त येतं. म्हणून गेल्या वेळी जड वजन घेऊन थोडक्यात हरलेला आणि आज हलक्या वजनानं पळणारा घोडा मला जास्त मोलाचा वाटतो. पावसानं ट्रॅक मऊ झाला असेल तर ओल्या ट्रॅकवरच्या जुन्या धावा आधी शोधा.

आज घोड्याची तब्येत कशी आहे, हे मात्र कार्ड सांगत नाही. अंगाची चकाकी, मोकळी लांब चाल, मांड्यांमधला घामाचा फेस हे पॅडॉकमध्येच दिसतं. शर्यतीचे बैल पारखलेल्या आपल्या भागातल्या माणसाला ही नजर लवकर येते. पण शांत घोडा वेगवान असतोच असं नाही.

नवख्यानं कार्डच धरावं. कधीच न पळालेल्या घोड्यांच्या शर्यतीत पॅडॉक. मामांनी घरी तीन घोडे निवडावेत आणि घामेजलेला, बिथरलेला घोडा तिथं वगळावा.